घट्ट म्हणजे भक्कम नव्हे

घट्ट आवळलेली वस्तु अधिक सुरक्षित, अशी समजूत आपल्या घराघरांतून चालत आली आहे. बरणीचें झांकण, पाण्याचा नळ, सर्वत्र हाच न्याय. मोटारसायकलीच्या बाबतींत तो किती महाग पडतो, याचा अनुभव गेल्या महिन्यांत आमच्या घरीं आला. त्यांतील मुख्य दोष माझाच असल्यामुळें तो सांगण्याचा अधिकारहि मजकडे येतो.

पुतण्यास गाडीच्या साखळीचा ढिलेपणा काढावयाचा होता. त्याकरितां मागल्या चाकाच्या आंसाचा नट प्रथम सैल करावा लागतो. नट कांहीं केल्या हालेना. शेवटीं पान्यावर पाय देऊन उभें राहण्याची त्यानें तयारी केली, तेव्हां मला आठवलें कीं, पावसाळ्यापूर्वीं हेंच चाक बसवितांना "अजून एक हिसडा दे, वाटेंत निघेल" असें मींच त्यास सांगितलें होतें, आणि पान्याच्या दांडीवर हातभर नळी चढवून आम्हीं दोघांनीं तो हिसडा दिला होता.

त्या हिसड्यानें काय केलें, तें पाहूं. पान्याची दांडी 25 सेंटिमीटर असून टोंकाशीं 40 किलोंचा जोर दिला, तर नटावर 10 किलोग्रॅम-मीटरचा पीळ पडतो. नळीनें तीच दांडी 75 सेंटिमीटर झाली, कीं तोच हात 30 चा पीळ देतो; आणि आपण कांहीं विशेष केलें असें मात्र वाटत नाहीं. आंस ही वस्तुतः एक अत्यंत ताठ स्प्रिंगच होय. नट आवळला कीं ती किंचित् ताणली जाते, व त्या ताणामुळें जोड घट्ट राहतो. पान्यावर खर्चिलेल्या श्रमाचा साधारण दहावा हिस्साच या कामीं येतो; सुमारें अर्धा नटाच्या तळाशीं व बाकीचा आट्यांमध्यें घर्षणांत जातो. मर्यादेबाहेर आवळलें, तर पोलाद कायमचें लांबतें आणि आटे दुखावतात. पुढें पावसाचा गंज चढतो. तो मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापीत असल्यानें आट्यांत पाचरीसारखा बसतो.

अशा नटाशीं बळजोरी करूं नये. नटांतून स्प्लिट पिन घातलेली असेल, तर ती आधीं काढावी आणि बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशानें स्वच्छ करावे. नंतर फिरविण्याची दिशा नक्की करावी. सामान्यतः नट घड्याळाच्या उलट दिशेनें सुटतो. परंतु सायकलीच्या डाव्या पेडलास आणि कांहीं मोटारसायकलींच्या उजव्या आरशास उलटे आटे असतात. तेथें आपण सोडवीत आहों असें समजून आवळीतच असतों. मग गंज सैल करणारें पातळ तेल आट्यांवर सोडून रात्रभर मुरूं द्यावें. ब्रेकवर व टायरवर त्याचा थेंबहि उडूं देऊं नये. सकाळीं नटाच्या बाजूंवर हातोडीनें हलके ठोके द्यावे; त्या हादऱ्यांनीं गंज तडकतो व तेल आंत शिरतें.

पाना बरोबर मापाचा व नटाच्या सहाहि बाजू धरणारा असावा. उघड्या तोंडाचा पाना कोन झिजवितो. आंसाचें दुसरें टोंक दुसऱ्या पान्यानें धरावें. गाडी मधल्या स्टँडवर असतां जोर लावल्यास कलंडण्याचें भय असतें, म्हणून दोन्ही चाकें जमिनीवर ठेवून एकानें ती धरावी. आवळतांना निषिद्ध असलेली नळी सोडवितांना चालते. मात्र हिसडा नको, जोर संथपणें वाढवीत न्यावा, आणि पाना ढकलण्याऐवजीं आपल्याकडे ओढावा, म्हणजे नट एकाएकीं सुटला तरी बोटांची सालटीं निघत नाहींत. नट थोडा हालला, कीं पुन्हां किंचित् आवळून तेल द्यावें व मग सोडवावा. ज्योतीचा प्रयोग घरीं करूंच नये. जवळच टायर, बेअरिंगमधील ग्रीस आणि पेट्रोल असतें. इतक्यानेंहि नट न निघाल्यास तो कापून काढण्याचें काम कारागिरावर सोंपवावें. नट स्वस्त असतो, आंस महाग.

आमचा नट दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिसऱ्या खेपेस सुटला. पुसून पाहतां आंसाचे दोन आटे सोललेले दिसले. या गाडीवर मागें बसून वहिनी रोज शाळेंत शिकवावयास जातात. नट वाटेंत निघूं नये म्हणून दिलेल्या हिसड्यानें तो धरून ठेवणारे आटेच अर्धे निकामी झाले होते! आंस व नट दोन्ही नवीं आणविलीं.

नवा नट बसवितांना पुतण्यानें गाडीच्या पुस्तकांतील पिळाचा आंकडा शोधून काढला व मापाचा पाना शेजाऱ्यांकडून मागून आणला. ठराविक आंकड्यास पान्यानें 'टक्' असा आवाज दिला, तेव्हां "एवढेंच?" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पुतण्या हंसून म्हणाला, "काका, एवढेंच." मीं हात मागें घेतला. तो आंकडा आतां पडवींतील भिंतीवर खडूनें लिहून ठेवला आहे. वाचकांनींहि आपापल्या गाडीचा तसा लिहून ठेवावा.