पास फुकट, परतीचं काय?

हॅकेथॉनला चाललोय, असं पेणच्या घरात सांगून बघा. आई आधी घाबरते. ‘हॅक’ म्हणजे बँक अकाउंट लुटणं, एवढंच तिच्या कानावर आलेलं असतं. तेव्हा पहिल्यांदा तिचं टेन्शन घालवू या. हॅक अधिक मॅरेथॉन म्हणजे हॅकेथॉन. जून १९९९ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरात ओपनबीएसडीचे मोजके डेव्हलपर एकत्र बसले, कोड लिहीत राहिले आणि हा शब्द चलनात आला. पुढे फेसबुकचं ‘लाइक’ बटण अशाच एका हॅकेथॉनमधून पुढे सरकलं. ग्रुपमी हे मेसेजिंग अॅप २०१० च्या टेकक्रंच हॅकेथॉनमध्ये जन्मलं आणि २०११ मध्ये स्काइपने ते विकतसुद्धा घेतलं. सही ना?

आपल्याकडचा फुल्टू मेळा म्हणजे आयआयटी मुंबईचा टेकफेस्ट. १९९८ पासून पवईत भरतो. डिसेंबरातले तीन दिवस रोबोट, लेक्चर्स, स्पर्धा, प्रदर्शनं. काही वर्कशॉप्सना फी असते, पण आधी नाव नोंदवलं की एन्ट्री फुकट. आणि अंधार पडला की ‘टेक्नोहोलिक्स’! लाइट्स, म्युझिक, स्टेज शो. दिवसभर मेंदूला खुराक, रात्री कानाला. आणखी काय पाहिजे बॉस?

परतीची गाडी पाहिजे!

पवईतल्या पोराला शो संपल्यावर फक्त रिक्षा शोधायची असते. रोह्याच्या पोरीला कांजूरमार्ग, मग दिवा, मग रोहा असं उलटं गणित मांडावं लागतं. दिवा-रोहा गाड्या मोजक्या. एसटी पकडली तर वाटेत मुंबई-गोवा हायवे आहेच, ज्याच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि ज्याच्यावर तेव्हापासून अख्खं कोकण जोक मारतंय. मग होतं काय, तर लेझर शो सुरू व्हायच्या आधीच ती सॅक पाठीला लावून गेटबाहेर. तिकीट शून्य रुपये, पण संध्याकाळ गेली. फुकट या शब्दाची किंमत पिनकोडवर ठरते, ती अशी.

गंमत म्हणजे हॅकेथॉन या पोरांना जास्त मानवतो. तिथे घरी जायचंच नसतं! २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ची सॉफ्टवेअरची फायनल सलग ३६ तासांची. सहा जणांची टीम, त्यात किमान एक मुलगी हवीच. प्रॉब्लेम सरकारी खाती आणि कंपन्या देतात, उत्तर पोरांनी शोधायचं. कोणाची लास्ट लोकल किती वाजता, हा प्रश्नच नाही.

आता जरा सिरीयस. प्रॉब्लेम द्यायचेच असतील, तर आपल्या भागात काय कमी आहेत? पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून गणपती देशभर आणि परदेशात जातात. पण ऐन पावसाळ्यात मूर्ती वाळवायची कशी? शाडूच्या मूर्तीला तर वेळही जास्त लागतो. कमी खर्चात ओल मोजणारा एखादा सेन्सर का नको? पेणचं हेटवणे धरण सिडकोच्या नवी मुंबईला पाणी पुरवतं. म्हणजे ऑफिसच्या पॅन्ट्रीत तुम्ही भरलेली बाटली कदाचित गावचीच. आणि त्याच पेणच्या खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात. अॅपने पाइपलाइन पडत नाही, कबूल. पण टँकर कुठे आला, किती पाणी मिळालं, किती दिवसांनी मिळालं याचा हिशेब पोरांनी मांडला, तर निदान ‘सगळं सुरळीत आहे’ असं म्हणणं साहेबांना अवघड जाईल.

आणि इथे तुमचा नंबर लागतो. हो, तुमचाच. बेलापूर-ऐरोलीच्या एसी केबिनमध्ये बसून कोड लिहिणाऱ्या पेण-रोहेकरांनो! स्मार्ट इंडियाच्या मोठ्या स्पर्धेआधी प्रत्येक कॉलेजला स्वतःचा छोटा हॅकेथॉन घ्यावा लागतो. लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तर आपल्याच हायवेवर आहे. गावाजवळच्या कॉलेजला फोन करा, एक शनिवार द्या. तुम्ही ऑफिसात रोज जे करता, म्हणजे क्लायंटचं ऐकून घेणं, डेमो फसला तर सावरणं, ते त्या पोरांना पुस्तकात मिळत नाही.

संध्याकाळच्या करमणुकीचं म्हणाल, तर आपल्याकडे ऑर्केस्ट्रा हौशी आणि स्टेज साधं असेल. पण पोह्याचे पापड तळलेले असतील, चहा कटिंग नसेल आणि शो संपायच्या आत कोणालाही सॅक उचलावी लागणार नाही.

मग, कुठला शनिवार देताय?