सही कोणाची, सल्ला कोणाचा

घर विकायला काढलं की घरातली माणसं वाढतात. एरवी दिवाळीला तेवढा फोन करणारा मावसभाऊ आठवड्यातून दोनदा चौकशी करतो. समोरच्या विंगमधल्या काकू ‘आमच्या भाच्यानं बाणेरला विकला ना, तेव्हा’ अशी सुरुवात करतात आणि चहा गार होईपर्यंत थांबत नाहीत. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभाताच्या फुलांऐवजी स्क्वेअर फुटाचे दर फिरू लागतात. मी पुण्यात जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीची कामं करते. गिऱ्हाईक शोधण्यात जेवढा वेळ जातो, त्याहून जास्त या मंडळींना उत्तरं देण्यात जातो. ‘पार्टी चांगली होती हो, पण मामानं मोडलं’ हे आमच्या धंद्यातलं ठरलेलं रडगाणं. मला ते पटत नाही. मामाला मोडता येतं, कारण त्याचे प्रश्न व्यवहार ठरायच्या आधी कुणी ऐकूनच घेतलेले नसतात.

शिवाय मामाला माझा संशय येतो, त्यातही काही गैर नाही. मी व्यवहाराच्या रकमेवर एक टक्का घेते. घर दोन लाखांनी स्वस्त गेलं तर मालकाचे दोन लाख जातात, माझे दोन हजार. म्हणजे लवकर उरकून टाकण्यात माझं हित मालकापेक्षा जरा जास्तच असतं. हे गणित कळणारा एक तरी खडूस माणूस मालकाच्या बाजूनं बसलेला बरा. तो मलाही जागेवर ठेवतो.

पहिल्या भेटीत मी दोन प्रश्न विचारते. खरेदीखतावर सह्या कोणाकोणाच्या होणार? आणि सही नसली तरी कोणाला विचारल्याशिवाय तुम्ही ‘हो’ म्हणणार नाही? पहिल्याचं उत्तर झटकन येतं आणि अर्ध्या वेळा ते चुकीचं असतं. दुसऱ्याला आधी ‘छे, आमचं आम्हीच ठरवतो’ असं येतं, मग नवरा-बायको एकमेकांकडे बघतात, आणि मग खरं नाव बाहेर पडतं. जावई निघतो, ऑफिसातला जुना साहेब निघतो, एकदा तर शाळेतल्या मैत्रिणीचे यजमान निघाले. नाव कळलं की मी त्या माणसाला त्याच आठवड्यात बोलावते. टोकन घेतल्यावर तो उगवण्यापेक्षा आधी आलेला केव्हाही परवडतो.

कर्वेनगरमधल्या एका काकूंचं उदाहरण सांगते. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. यजमान वारलेले. मुलगी चिंचवडला, मुलगा न्यू जर्सीत. लेकीच्या जवळ लिफ्टच्या इमारतीत राहायला जायचं, एवढंच काकूंच्या मनात होतं. सदाशिव पेठेत राहणारे त्यांचे दीर मात्र पहिल्या दिवसापासून दराला अडून बसले होते. ‘समोरच्या बिल्डिंगमधला ९५ लाखांना गेला, आणि तुम्ही वहिनींना ७८ सांगायला लावताय? आता तर वनाजपासून मेट्रो आहे!’ मेट्रो आहेच. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज गाडी सुरू झाली, तेव्हापासून कोथरूड-कर्वेनगरच्या प्रत्येक मालकाच्या बोलण्यात ती धावते आहे. पण मेट्रो कितीही जवळ आली तरी तिसऱ्या मजल्यावर चढून येत नाही.

अशा वेळी एजंटनं वाद घालू नये असं माझं मत. मी दिरांच्या समोरच लॅपटॉप उघडला. झालेल्या प्रत्येक नोंदणीकृत व्यवहाराची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपली इंडेक्स टू, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. तीत मोबदला असतो, क्षेत्रफळ असतं, मजला असतो, तारीख असते. समोरच्या बिल्डिंगमधला तो व्यवहार सापडला. मोबदला ८६ लाख, क्षेत्र ७२० चौरस फूट बिल्टअप, पहिला मजला, झाकलेलं पार्किंग. काकूंचा फ्लॅट ५६० चौरस फूट बिल्टअप. दिरांनी खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला स्वतः भागाकार मांडला. त्यांचा दर पडला बारा हजारांच्या जरा खाली. आपला जवळपास चौदा हजार. पेन तसंच हातात धरून ते म्हणाले, ‘म्हणजे आपणच चढ्या भावानं सांगतोय की!’

हा भागाकार मी करून दाखवला असता तर त्यात त्यांना माझा डाव दिसला असता. त्यांनी स्वतः केला म्हणून तो त्यांचा झाला, आणि पुढे नातेवाइकांत कोणी दराचा विषय काढला की तेच इंडेक्स टू काढून दाखवायचे. एकमेकांना सांगितलेल्या भावांत कारपेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप यांची इतकी खिचडी झालेली असते की दोघंही खरं बोलत असले तरी आकडे जुळत नाहीत.

अर्थात दीर तेवढ्यावर थांबणारे नव्हते. ‘इंडेक्सवर ८६ दाखवलेत, वरचे वेगळे असतील’ हे आलंच. वरचे असतीलही, मी नाही म्हटलं नाही. पण त्यांच्या ब्रिजच्या ग्रुपमधल्या मित्राचा सल्ला होता की आपणही थोडे रोखीत घ्यावेत, कर वाचतो. तिथे मी हात वर केले. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि घेतली तर जेवढी घेतली तेवढा दंड होऊ शकतो. तो दंड घेणाऱ्याला होतो, सल्ला देणाऱ्याला नाही. काकू दुसरं घरच घेणार होत्या, तेव्हा नफ्यावरच्या करात त्यांना तशीही सूट मिळण्याजोगी होती. घर जुनं असलं की इंडेक्सेशनचंही पाहावं लागतं, कारण २३ जुलै २०२४ पासून नियम बदलले आहेत. त्यासाठी मी त्यांना सीएकडे पाठवलं. एजंटनं कराचा सल्ला देऊ नये, आणि ब्रिज खेळणाऱ्यानंही देऊ नये.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू, सह्यांच्या. ‘शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव लागलंय, सही माझीच,’ असं काकू ठामपणे म्हणाल्या होत्या, आणि सगळ्या नातेवाइकांनी त्यांना तेच सांगितलं होतं. त्या नॉमिनी होत्या, म्हणून सोसायटीनं नाव लावलं होतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे वर्षानुवर्षं सांगूनही आपल्याकडे मुरत नाही. यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, त्यांच्या आईही आधीच गेलेल्या. त्यामुळे घर पत्नी, मुलगा आणि मुलगी अशा तिघांचं, समान वाट्यानं झालं. सह्या तीन.

हे कळताच सल्ल्यांचा रोख बदलला. एक आत्या म्हणाल्या, मुलीनं हक्कसोडपत्र करून द्यावं, लग्नात काय कमी दिलंय? मुलगी बाजूलाच बसली होती. अशा वेळी पुष्कळ एजंट मान डोलावतात, कारण एक सही कमी झाली की व्यवहार सुटसुटीत होतो. मला हे अजिबात मान्य नाही. हक्क सोडायचा की नाही हे ज्याचा हक्क आहे त्यानं, स्वतःच्या वकिलाला विचारून, सावकाश ठरवावं. भरल्या बैठकीत आत्यांनी काढलेल्या विषयावर एखादीनं ‘बरं’ म्हटलं, तर त्या ‘बरं’वर मी खरेदीखत उभं करणार नाही. घर विकायला दोन महिने जास्त लागले तरी चालतील.

मुलाचं प्रकरण निराळंच होतं. तो रात्री उशिरा व्हिडिओ कॉलवर यायचा आणि दर वेळी नवा अडसर आणायचा. आधी दर कमी आहे म्हणाला. मग म्हणाला, थांबा, रिडेव्हलपमेंट होईल. त्याला मी विचारलं, सोसायटीनं ठराव केलाय का? सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी शासनानं ४ जुलै २०१९ ला नव्यानं सूचना काढल्या आहेत. विशेष सर्वसाधारण सभा, वास्तुविशारदाची नेमणूक, किमान ५१ टक्के सभासदांची लेखी संमती, अशा एकेक पायऱ्या त्यात दिल्या आहेत. तुमची सोसायटी यातल्या कितव्या पायरीवर आहे? सोसायटी पहिल्याही पायरीवर नव्हती. गच्चीच्या गळतीचे पैसे कोणी भरायचे यावरच त्यांची सभा तहकूब झालेली होती. त्यानं तेवढं ऐकून घेतलं, आणि पुढच्या कॉलला पुन्हा दर काढला.

एखाद्या माणसाची हरकत उत्तर मिळूनही जात नसेल तर त्याच्या मनातला प्रश्न वेगळा असतो. मी काकूंच्या परवानगीनं त्याला सरळ विचारलं, ‘दादा, आलेले पैसे कुठे जाणार याची काळजी आहे का?’ बराच वेळ कोणी बोललं नाही. मग म्हणाला, ‘चिंचवडचा फ्लॅट कोणाच्या नावावर होणार?’ हा प्रश्न त्यानं बहिणीला विचारला नव्हता, कारण विचारला असता तर वाईट दिसलं असतं. बहिणीनं आपणहून सांगितलं नव्हतं, कारण तिला तो प्रश्न आहे हेच माहीत नव्हतं. नवं घर आईच्या एकटीच्या नावावर होईल आणि आई मृत्युपत्र करील, असं त्याच कॉलवर ठरलं. त्यानंतर त्यानं दराचा ‘द’ काढला नाही. कुलमुखत्यारपत्रासाठी भारतीय वकिलातीची वेळ त्यानं स्वतःच घेतली. तो कागद इकडे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. परदेशात राहणाऱ्या हिस्सेदाराच्या वाट्यावर खरेदीदाराला कापावा लागणारा करही नेहमीच्या एक टक्क्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. या गोष्टी आधी ठाऊक असल्या तर सोप्या असतात, सब-रजिस्ट्रारच्या दारात कळल्या तर घाम फोडतात.

सगळेच सल्लागार असे आतून काही धरून बसलेले नसतात. काहींना नुसता उत्साह असतो, आणि उत्साहाचा बंदोबस्त करावाच लागतो. घर बघायला पार्टी येते तेव्हा घरचं एकच माणूस हजर असावं, हा माझा नियम आहे. नाहीतर सोफ्यावर बसलेले मामा आपणहून सांगतात की पावसाळ्यात या भिंतीला ओल धरते, किंवा ‘यांना जरा घाईच आहे’. ओल असेल तर ती सांगितलीच पाहिजे, लपवून काय मिळणार? पण ती मालकानं सांगावी, दुरुस्तीच्या खर्चाच्या आकड्यासकट. घाई मात्र कोणीच सांगू नये.

दुसरा उत्साही म्हणजे भाचा. तो मावशीला मदत म्हणून एखाद्या पोर्टलवर आपली वेगळी जाहिरात टाकतो, आपल्या मनानं पाच लाख वाढवून. खरेदीदार आज सगळी पोर्टलं पालथी घालतो. एकाच स्वयंपाकघराचे फोटो दोन भावांनी दिसले की तो खालचा भाव धरतो आणि तिथून घासाघीस सुरू करतो. मी भाच्याला रागावत नाही, फोटो काढायचं काम देते. मुलं फोटो आमच्यापेक्षा चांगले काढतात.

पलीकडच्या बाजूलाही हीच फौज असते, हे विकणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. खरेदीदाराचे सासरे येतात, होकायंत्र घेतलेले वास्तुवाले येतात आणि संडास ईशान्येला निघाला की परत फिरतात. त्याला इलाज नाही. सासऱ्यांना मात्र इलाज असतो. त्यांच्या हातात मंजूर नकाशा, भोगवटापत्र आणि कराची पावती दिली की ते चष्मा लावून वाचत बसतात, आणि वाचून झालं की बहुधा आपल्याच बाजूनं बोलतात.

कर्वेनगरचा फ्लॅट शेवटी ७५ लाखांना गेला. दिरांच्या मते दोन लाख अजून आले असते. खरेदीखताच्या दिवशी साक्षीदार म्हणून सही त्यांचीच होती.

तुम्ही यंदा घर विकायला काढणार असाल तर एक करा. पितृपक्षाच्या पंधरवड्यात आपल्याकडे टोकन द्यायला फारसं कोणी येत नाही, आम्ही एजंट तेव्हा मोकळेच असतो. तेवढ्या दिवसांत सूची क्रमांक दोन काढा, मृत्युपत्र आहे की नाही ते बघा, आणि ज्यांची सही लागणार आहे आणि ज्यांना विचारल्याशिवाय तुम्हाला झोप येणार नाही, त्या सगळ्यांना एकदा एकत्र बसवा. आलेले पैसे कुठे जाणार, हा प्रश्न सगळ्यांत आधी काढा. मग घटस्थापनेला जाहिरात द्या.