संपर्क तुटलेली सभा आणि तहकुबीचा निर्णय

लेखापरीक्षण समितीच्या, म्हणजे कंपनीच्या हिशेबांची छाननी करून ते संचालक मंडळापुढे ठेवणाऱ्या समितीच्या, सभा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेण्याची पद्धत आता रूढ झाली असून, वार्षिक वित्तीय विवरणांसारखे विषय अशा सभांत वर्ज्य ठरवणारा कंपनी कायद्याखालील 2014 च्या नियमावलीतील नियम 4 हा जून 2021 मध्ये वगळला गेल्यापासून अत्यंत महत्त्वाचे निर्णयही पडद्यावरच होऊ लागले आहेत. अशा सभेत मध्येच संपर्क तुटला, तर उरलेले कामकाज एकेका सदस्याची फोनवर संमती घेऊन उरकण्याचा मोह होतो. ती सभा नव्हे, आणि हा मोह रोखण्याची जबाबदारी अध्यक्षांइतकीच कंपनी सचिवांचीही आहे.

त्याच नियमावलीतील नियम 3 नुसार एखाद्या संचालकाचे बोलणे तुटक किंवा अस्पष्ट ऐकू आल्यास अध्यक्षांनी त्यांना ते पुन्हा सांगण्याची विनंती करायची असते, त्यामुळे क्षणभर आवाज गेला म्हणून सभा थांबवण्याचे कारण नाही. खरा प्रश्न गणपूर्तीचा, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणाऱ्या किमान उपस्थितीचा आहे. मंडळाच्या व समित्यांच्या सभांसाठीच्या सचिवीय मानक 1 प्रमाणे गणपूर्ती केवळ आरंभी असून भागत नाही, तर कामकाज चालू असेपर्यंत टिकावी लागते. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांच्या लेखापरीक्षण समितीला सेबीच्या विनियम 18 नुसार दोन सदस्य किंवा एक तृतीयांश सदस्य, यांपैकी जी संख्या मोठी असेल तेवढी उपस्थिती लागते आणि उपस्थितांत किमान दोन स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी व प्रवर्तकांशी आर्थिक हितसंबंध नसलेले संचालक, असावे लागतात. परिणामी, तीन सदस्यांच्या समितीत दोघेच स्वतंत्र असतील आणि त्यांपैकी एकाचा संपर्क तुटला, तर पडद्यावर दोन सदस्य दिसत असूनही गणपूर्ती संपलेली असते. हे तत्काळ लक्षात आणून देणे हे सचिवांचे काम आहे, मग समोर कितीही ज्येष्ठ अध्यक्ष असोत.

गणपूर्ती असताना, उपस्थितांच्या बहुमताचा विरोध नसेल तर, अध्यक्षांना कोणत्याही टप्प्यावर सभा तहकूब करता येते. म्हणून संपर्क डळमळू लागताच, तो पूर्ण तुटण्यापूर्वी, तहकुबी जाहीर करून पुढील तारीख तेथेच ठरवणे सर्वांत श्रेयस्कर. तारीख तेव्हा ठरली नाही, तर तहकूब सभेची सूचना किमान तीन दिवस आधी, मूळ सभेला अनुपस्थित राहिलेल्यांसह सर्वांना द्यावी लागते. संपर्क कधी तुटला, तोवर कोणते विषय पूर्ण झाले आणि कोणता अर्धवट राहिला, याची वेळेसह नोंद इतिवृत्तात असावी, कारण पुढे वाद उद्भवला तर अर्धवट विषयावरील मत नेमके कोणत्या बैठकीत दिले गेले, हे ठरवण्यास तीच नोंद उपयोगी पडते.

दोन सभांमधील 120 दिवसांच्या कमाल अंतराची भीती मात्र बहुधा अनाठायी असते, कारण तहकूब सभा ही मूळ सभेचाच पुढचा भाग असल्याने मानकानुसार ते अंतर मूळ सभेच्या दिवसापासून मोजले जाते. वर्षातील पहिल्या तीन तिमाहींचे वित्तीय निकाल तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत सादर करण्याच्या बंधनाला असा दिलासा नाही. अखेरच्या दोन दिवसांत बोलावलेल्या सभेला तहकुबी परवडतच नाही आणि फोनवरील संमतीचा आडमार्ग तेथूनच सुरू होतो. त्यामुळे मूळ सभेची सूचना काढतानाच मुदतीच्या आतली एक पर्यायी तारीख स्वतंत्र संचालकांकडून राखून घ्यावी, असे या मासिकाचे आग्रहाचे मत आहे.