टर्बो गाडीला ‘बिल्ट’ इंजिन? अचलपूरकरांनी आधी पेट्रोल पाहावं, मग हॉर्सपॉवर

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, त्यात वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन. टर्बो गाडीची खरी परीक्षा इथेच. हवा तापलेली असली की इंजिनात नॉकिंग वाढतं, म्हणजे ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. त्याचा मार पिस्टनवर बसतो.

बिल्ट इंजिन म्हणजे मूळचे ओतीव पिस्टन काढून फोर्ज्ड, अर्थात दाबून घडवलेले पिस्टन आणि तशाच मजबूत कनेक्टिंग रॉड बसवणं. ते जास्त बूस्ट सोसतात, पण नॉकिंग थांबवत नाहीत. म्हणून ‘किती हॉर्सपॉवर?’ हा पहिला प्रश्नच चुकतो. रोज पंपावरचं साधं पेट्रोल भरणार असाल, तर कॉम्प्रेशन, बूस्ट आणि ट्यूनिंग त्यावरच ठरवा. १०० ऑक्टेनवर बेतलेलं इंजिन इथे शोभेचं. त्यापेक्षा आधी मोठा इंटरकूलर घ्या.

फोर्ज्ड पिस्टनभोवती मोकळीक जास्त ठेवतात, त्यामुळे सकाळी थंड इंजिन खडखडतं. रोजच्या गाडीत हे चालेल का?

नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.