गावाच्या नावातली माणसं

तीस सप्टेंबरला लेकीच्या शाळेत सगळी मुलं नारिंगी शर्ट घालून जातात. मीही दरवर्षी तिचा शर्ट धुऊन, इस्त्री करून द्यायचे. मागच्या वर्षी तिनं विचारलं, "आई, फिलिसला तिचा शर्ट परत मिळाला का गं?"

नाही मिळाला. 1973 साली सहा वर्षांची फिलिस वेबस्टॅड आजीनं घेतलेला कोरा नारिंगी शर्ट घालून ब्रिटिश कोलंबियातल्या निवासी शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला गेला. तीस सप्टेंबरचे नारिंगी शर्ट त्याचीच आठवण. कॅनडातल्या दीड लाखांवर मूलनिवासी मुलांना अशा शाळांत घातलं होतं. स्वतःची भाषा बोलली की शिक्षा. हजारो मुलं तर घरी परतलीच नाहीत.

मला वाटायचं, आपण काल आलेली माणसं, या पापात आपला काय वाटा? पण मी राहते कॅनडातल्याच मिसिसॉगा शहरात. पंधरा वर्षं पत्त्यात लिहिलेलं हे नाव एका समाजाचं आहे, हे मला लेकीच्या वहीतून कळलं. एकेक करार होत गेला, जमीन सुटत गेली आणि 1847 मध्ये त्या लोकांनी क्रेडिट नदीचा काठ सोडला. आज त्यांची वस्ती हेगर्सव्हिलजवळ आहे. शहराला फक्त नाव उरलं. मी घराचे हप्ते भरते ते याच जमिनीवरच्या घराचे.

शाळेत रोज सकाळी या जमिनीच्या मूळ धन्यांचं स्मरण करतात. तेवढ्यावर भागत नाही, हे तिथल्या बाईंनी ओळखलं, याचं मला फार मोल वाटतं. निवासी शाळांचा इतिहास, त्या भोगलेल्यांना सोबत घेऊन, प्रत्येक वर्गात शिकवा, असं कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगानं 2015 मध्ये सांगितलं होतं. बाईंनी त्या समाजातल्या एका आजींना वर्गात बोलावलं. आजींनी तासभराच्या वाटेवरच्या ब्रँटफर्डच्या शाळेबद्दल सांगितलं. रोज तीच ओटची लापशी मिळायची, म्हणून मुलांनी शाळेचं नावच 'लापशीचं बीळ' पाडलं होतं. ती 1970 मध्ये बंद झाली. निघताना आजींनी मुलांना आपल्या भाषेतला आभाराचा शब्द शिकवला: मिग्वेच.

लेक तो शब्द घरभर म्हणत होती आणि मला आमच्या नाशिककडच्या शाळेतली, पाड्यावरून येणारी एक मुलगी आठवत होती. ती तिच्या बोलीत काही बोलली की आम्ही हसायचो. दिवाळीनंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. तिच्या बोलीतला एकही शब्द मला येत नाही.