आम्ही शाकाहारी, मग हृदयाला काय होणार?



गेल्या दशलक्षण पर्वात आमच्या मोठ्या जाऊबाईंनी पाच उपवास केले. तेवढे दिवस त्यांच्या बीपीच्या गोळ्या डब्यातच राहिल्या. रात्रीची गोळी तर त्यांनी वर्षभर आधीच सोडली होती, कारण सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग. पारण्याच्या दुपारी त्यांच्या पाठीत कळ आली, जबडा दुखायला लागला, घाम सुटला, मळमळलं. घरात सगळ्यांचं एकच निदान झालं: उपवासाचं पित्त. आम्ही त्यांना सोडा दिला, मग कोकमाचं पाणी दिलं आणि पंख्याखाली झोपवलं. 'आम्ही' म्हणते, कारण सोड्याचा पेला माझ्याच हातात होता.

तीन तासांनी गाडी काढली. मालवणहून कुडाळ, सावंतवाडी, बांदा करत गोवा गाठायचा म्हणजे शंभर किलोमीटरच्या पुढचा रस्ता. जाऊबाई वाचल्या. पण हृदयाच्या स्नायूचा जो भाग त्या तासांत गेला तो परत येणार नाही. आता दोन जिने चढल्या की बसावं लागतं.

भेटायला येणारी प्रत्येकजण एकच बोलायची, "अगं, बाईनं जन्मात अंड्याला शिवलं नाही, तिला कसा हार्ट अ‍ॅटॅक?"

माझं भांडण या वाक्याशी आहे. मासळी खाणाऱ्या गावात राहून आपण शाकाहार सांभाळला याचा अभिमान जरूर असावा. तो अहिंसेसाठी आहे आणि त्याचं मोल मोठंच आहे. पण तो हृदयाचा विमा नाही. शेजारच्या अंगणात सुकी मासळी वाळत पडली की आपण नाक मुरडतो. त्याच उन्हात आपल्या गच्चीवर पापड, सांडगी मिरच्या आणि फेण्या वाळत असतात. मीठ दोन्हीकडे तेच असतं. ते कशाला चोळलंय हे आपल्या रक्तवाहिन्यांना कळत नाही.

जास्त मीठ पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं, वाहिन्यांच्या भिंतींवर दाब वाढतो आणि हृदयाला रोज जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतं. हे वर्षानुवर्षं चालतं आणि दुखत काहीच नाही. म्हणून तर 'मला काही त्रास नाही' म्हणत आपण बीपी मोजायचं टाळतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि तोसुद्धा सगळं मिळून.

आता आपल्या घरातला एक दिवस मोजूया. सकाळी पोह्यांवर शेव. दुपारी आमटी-भाजीत मीठ, भातात मीठ, ताकात मीठ. बाजूला लोणचं, पापड, तळलेली सांडगी मिरची. सोलकढी आगळाची असेल तर त्या आगळात आधीच भरपूर मीठ. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच. पित्तावर आपण पितो त्या सोड्यातही सोडियमच. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत उरकायचं म्हणून दुकानातल्या माणसांना चिवडा, फरसाण, खारे शेंगदाणे. हे सगळं शुद्ध, गाळलेल्या पाण्यातलं, कंदमुळाशिवायचं असतं. तरी तो एक चमचा दुपारपर्यंतच संपलेला असतो.

त्यात अष्टमी-चतुर्दशीला आणि चातुर्मासात हिरव्या भाज्या बंद. व्रत बरोबर आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण भाजीच्या जागी आपण काय आणतो? पापडाची भाजी, शेवेची भाजी, तळलेली भजी. भाज्या-फळांतलं पोटॅशियम मिठाचा परिणाम थोडा कमी करतं. ते ताटातून गेलं आणि मीठ वाढलं. त्याग भाजीचा केला, जिभेचा नाही केला.

"पण उपवासाला आम्ही सैंधव वापरतो!" हे मला दर वेळी ऐकवलं जातं. सैंधव खाणीतून येतं आणि आपलं मीठ समुद्राच्या पाण्यातून, एवढाच मुख्य फरक. दोन्ही जवळजवळ पूर्ण सोडियम क्लोराइडच. वर बरेचदा सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. गुलाबी रंगाला भुलून हात सैल सोडू नका.

तेलाचंही तसंच. एकदा तळून झालेलं तेल 'टाकवत नाही' म्हणून चार वेळा कढईत येतं. आणि चालणं? आपले मुनिमहाराज घाट पायी उतरून विहार करतात. त्यांच्या दर्शनाला आपण गल्लीच्या टोकापर्यंत स्कूटीवर जातो. मशेरीबद्दल एवढंच म्हणते, की जी लावते तिला माहीत आहे, आणि शाकाहारी असल्यानं तंबाखू माफ करत नाही.

आता धर्माचं बोलू. तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. अनशन, म्हणजे उपवास, आपल्याला पाठ आहे. त्याच्याच रांगेत अवमौदर्य आहे, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणं. आणि रसपरित्याग आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ हे आपल्याकडे रस मानले जातात. माझी माहेरची आजी कोल्हापूरकडची. तिचा रविवारी मिठाचा, मंगळवारी गोडाचा, बुधवारी तुपाचा आणि शनिवारी तेलाचा त्याग असे. तिच्या स्वयंपाकघरात रविवारी मिठाचा सट उघडायचाच नाही. माझ्या घरात रविवार म्हणजे कच्च्या केळ्याची पावभाजी आणि वर लोण्याचा गोळा. 'काय खायचं नाही' याची यादी आपण चोख सांभाळली. 'किती खायचं' हे शिकवणारं तप मात्र हळूच बाजूला ठेवलं. एकासनाला तीन वेळचं एकदाच जेवणारी मी एकटी नसेन.

कोणी म्हणेल, "तप हे कर्मनिर्जरेसाठी असतं, त्याला डाएट का करतेस?" हे मला मान्य आहे. तप आत्म्यासाठीच करायचं. पण रसावरचा ताबा हाच तर त्या तपाचा अर्थ, आणि तो ताबा सुटला की पहिला मार शरीरावर बसतो. ज्या जाऊबाई दरवर्षी उपवास करायच्या, त्यांना आता एकासनसुद्धा डॉक्टरांना विचारून करावं लागतं. गोळ्या बंद करून कोणतं तप वाढलं?

आपल्या जिल्ह्याला मिठाचा इतिहास आहे. 1930 साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला आणि लोकांनी मिठासाठी मार खाल्ला. ज्या गांधीजींनी तो लढा उभा केला, त्यांनी स्वतः दक्षिण आफ्रिकेत मीठ सोडलं होतं. कस्तुरबा आजारी होत्या. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितलं. तुम्हाला कोणी सांगितलं तर तुम्हालाही जमणार नाही, असं त्या म्हणाल्या. गांधीजींनी तिथल्या तिथे स्वतः वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. मग कस्तुरबांनीही सोडलं. ही हकिकत त्यांच्या आत्मकथेत आहे.

मला ही गोष्ट आपल्या घरांसाठी फार महत्त्वाची वाटते. नवऱ्याला बीपी निघालं की त्याची आमटी वेगळी, अळणी, आपण न चुकता काढतो. आपल्याला बीपी निघालं तर? 'माझ्या एकटीसाठी कुठे वेगळं करू' म्हणत तेच खारट जेवण, तेही सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं. जाऊबाईंचं बीपी आठ वर्षं घरात सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घराचं मीठ एक चिमूटही कमी झालं नव्हतं. ही चूक एकट्या त्यांची नव्हती.

म्हणून आता आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या आहेत. मीठ सगळ्यांचंच कमी, कुणाची वेगळी आमटी नाही. ताटात मीठ वाढायचं नाही. पापड किंवा लोणचं, दोन्ही एका वेळी नाही. पापड भाजलेला. चव आणायला लिंबू, आलं नसलं तरी सुंठ, जिरं, मिरी, ओलं खोबरं आहेच की. पहिले पंधरा दिवस सगळे कुरकुरले, मग जीभ रुळली.

गोळी बंद करायची नाही. रात्रीची गोळी सूर्यास्ताच्या आत घेता येईल का, उपवासाच्या दिवशी काय करायचं, हे पर्वाच्या आधीच डॉक्टरांना विचारायचं. व्रत घेताना औषधाची सूट ठेवण्याबद्दल महाराजांना विचारायचं. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि शेवटचं, हात जोडून सांगते. छातीत कळ बायकांनाही येते. पण कधीकधी नुसता दम लागतो, पाठ, जबडा किंवा हात दुखतो, मळमळतं, घाम फुटतो, अंगातलं बळ जातं. अशा वेळी सोडा देऊन झोपवू नका. 108 ला फोन करा, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. पित्तच निघालं तर हसून घरी या. आपल्याकडे मोठ्या इलाजाला लांब जावं लागतं, तेव्हा घरात घालवलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

येत्या रविवारी मी मिठाचा सट उघडणार नाही. जाऊबाईंनी विचारलं, "तुला जमेल का गं?" मी म्हटलं, तुम्ही बसा माझ्याबरोबर जेवायला. तुम्हीही बघा जमतं का. ज्यांना औषधं चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

जय जिनेंद्र.