आजी पडली, पण का पडली?

घोडनदीची वस्ती असो की दौंडची, घरातली आजी मोरीत पडली की शेजारीपाजारी एकच बोलतात, "वय झालं, चालायचंच." आम्हाला हे मान्य नाही. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हे आपण बुद्धांकडून शिकलो. मग आजीच्या पडण्याचे कारण का शोधू नये?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. त्यातली ८० टक्क्यांहून जास्त गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. आपल्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र काम करते. २००७ साली तिथल्या परिसरात पन्नाशीपुढच्या लोकांची पाहणी झाली. बायका, कमी शिकलेले आणि गरीब यांची तब्येत इतरांपेक्षा वाईट निघाली. म्हातारपण सगळ्यांना येते, पण सारखे येत नाही.

पडण्याची काही कारणे घरात असतात: शेवाळलेली मोरी, उंच उंबरठा, रात्री अंधारात लांबच्या संडासाला जाणे. काही शरीरात असतात: मोतीबिंदू, साखर एकदम उतरणे, बीपीच्या गोळीने उठताना येणारी चक्कर, दारू.

तिसरे कारण खुद्द हाडात असते. हाड जिवंत असते. त्यात हाड बांधणाऱ्या आणि हाड झिजवणाऱ्या पेशी कायम काम करतात. पाळी गेल्यावर झिजवणाऱ्या पेशी वरचढ होतात आणि हाड ठिसूळ बनते. कमी वयात गर्भपिशवीसोबत अंडाशयही काढले असेल तर हे लवकर घडते. ऊसतोडीला जाणाऱ्या आयाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे.

छातीचा, फुफ्फुसाचा, पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग हाडापर्यंत पोहोचला तर तोही हाड पोखरतो. अशा वेळी पडल्यामुळे हाड मोडत नाही, हाड मोडल्यामुळे माणूस पडतो. बहुतेकांना कर्करोग नसतो, म्हणून घाबरू नये. पण जरा धक्का लागून हाड मोडले, रात्री विश्रांतीतही हाड ठणकत राहिले, वजन घटले किंवा छातीत गाठ लागली, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगून तपासणी मागावी. लाजेपायी गाठ लपवू नये.

पडल्यावर पाय आखूड दिसला, बाहेर वळला किंवा उभे राहता येईना, तर खुब्याचे हाड मोडले असे समजावे. चोळू नये, ओढू नये, हाडवैद्याकडे नेऊ नये. १०८ ला फोन करावा. खुब्याचे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावे. माणूस अंथरुणाला खिळला की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. "या वयात कशाला ऑपरेशन?" हा प्रश्न आजोबांसाठी क्वचित आणि आजीसाठी जास्त विचारला जातो, असे आम्हाला दिसते. हे थांबले पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया आणि कर्करोगाचे उपचार मोफत होतात. रेशनकार्ड व आधारकार्ड एकत्र ठेवावे आणि १५५३८८ वर चौकशी करावी.

पण सगळा भार घरावर टाकून चालणार नाही. संडासाच्या वाटेवर दिवा, पायरीला कठडा, न घसरणारी फरशी ही नगरपरिषदेची आणि ग्रामपंचायतीची कामे आहेत. हाडांचा ठिसूळपणा तपासायला दरवेळी पुणे गाठावे लागू नये, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती सोय व्हावी. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वस्तीत वर्षभरात कोण कुठे पडले याची यादी करा. एकाच जागी तिघे पडले असतील, तर दोष वयाचा नाही, त्या जागेचा आहे. ती यादी अर्जाला जोडा आणि अर्जाची पोच घ्या.